तिसऱ्या रविवारची हरकत

माझ्या लग्नाला माझा धर्मबाप आडवा आला, आणि तो धर्मबाप म्हणजे खुद्द नवरदेव होता. आता हसा हवं तर, पण तेव्हा कुणी हसलं असतं तर मी त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या.

आमच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमधल्या मिस्सेत नावं वाचतात. ज्याची हरकत असेल त्यानं तेव्हाच बोलायचं. पहिले दोन रविवार सुरळीत गेले. कास्पर आणि तेकला, असं ऐकलं की माझे कान गरम व्हायचे. तिसऱ्या रविवारी फादर इन्नासींनी नावं वाचली आणि बायकांच्या बाजूनं कित्तेरी आत्या उठली. ही कास्परची आत्या. आत्याच्या मुलीचा हक्क पहिला, तरी कास्परनं तिच्या मुलीला सोडून मला मागणी घातली होती. तेव्हापासून हिच्या पोटात दुखत होतं.

"फादर, माझी हरकत आहे," ती म्हणाली. "बापानं लेकीशी लग्न लावायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?"

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. नक्की काय झालं होतं ते सांगते. मी जन्मले ती निळीकाळी, ना हूं ना चूं. सुईण होती सुसै आजी. आईचं रक्त थांबेना, त्यामुळे आजीचे दोन्ही हात तिकडे गुंतलेले. पोर बाप्तिस्म्याविना जाणार, हे दिसत होतं. शेजारचा आठ वर्षांचा कास्पर गलका ऐकून दारात उभा राहिला होता. फादरांच्या हाताखाली मिस्सेत सेवा करायचा तो, मंत्र तोंडपाठ. आजी त्याच्यावर ओरडली, "मेल्या, बघतोस काय नुसता? घे मडकं, ओत पोरीच्या डोक्यावर, आणि म्हण!" त्यानं ओतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि मी असा टाहो फोडला की पार किनाऱ्यावर ऐकू गेला म्हणतात.

कास्परनं तेकलाला जिवंत केलं, हा गावात कौतुकाचा विषय होता. पण बाप्तिस्मा देणारा त्या जिवाचा धर्मबाप होतो आणि धर्मबापाला ती मुलगी करता येत नाही, हा नियम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. कित्तेरी आत्याला तो कुठून सापडला देव जाणे. एरवी तिला दहा आज्ञासुद्धा ओळीनं म्हणता येत नाहीत.

मिस्सा झाल्यावर दोन्ही घरं फादरांच्या ओसरीवर जमली. मागं अख्खा गाव.

"नियम आहे खरा," फादर कपाळ चोळत म्हणाले. "पण बिशपसाहेब सूट देऊ शकतात. मी त्यांना तूतुकुडीला लिहितो."

"सूट मिळेल हो," कास्परची आई म्हणाली, "पण लोकांची तोंडं कोण शिवणार? उद्या नातवंडं झाली की ही कित्तेरी विचारेल, पोरांनी याला बाबा म्हणायचं की आजोबा?"

"विचारणारच!" कित्तेरी आत्या म्हणाली.

लोक खदखदून हसले. कास्परची आई उठली. "नको हे लग्न. तेकला गुणाची आहे, पण नको."

कास्पर बैलासारखा मान खाली घालून उभा. वादळात होडी हाकणारा माणूस, पण आईपुढे तोंडातून शब्द फुटेना. मला त्याचा असा राग आला! आणि रागाच्या आत भीती होती, की आता हा खरंच घरी निघून जाईल आणि मी जन्मभर त्याच्या शेजारी राहून त्याच्या बायकोला हळद उसनी देत बसेन.

तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला, "ते पाणी नव्हतं."

सुसै आजी.

"काय नव्हतं?" फादरांनी विचारलं.

"पाणी. पोरानं चुकून माझं मडकं उचललं. त्यात ताडी होती."

सुसै आजी म्हणजे मारियेच्या भगिनीमंडळाची अध्यक्ष. मिरवणुकीत निशाण तिच्या हातात. ताडीचा वास येणाऱ्या बाप्यांना ती चर्चच्या पायरीवरून कान धरून हाकलायची, आणि त्यातले निम्मे बापे आता समोर उभे होते. त्यात दारूबंदीचे दिवस.

"खोटं!" कित्तेरी आत्या किंचाळली. "पोरीचं लग्न व्हावं म्हणून बोलतेय ही!"

"अगं भवाने, माझे गुडघे दुखतात म्हणून घोटभर पिते मी. चाळीस वर्षं पितेय. असलं खोटं सांगून मला काय स्वर्ग मिळणार आहे?"

फादर कास्परकडे वळले. "तू ओतलंस ते कसं होतं रे?"

"पांढरं," कास्पर म्हणाला. "मला वाटलं, मंत्र म्हटला की पाणी तसंच होत असेल."

हशाचा असा काही स्फोट झाला की फादरांचा चष्मा घसरला. पण पाण्याविना बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही तर धर्मबापही नाही. कित्तेरी आत्यानं तरी शेवटचा गळ टाकलाच. "म्हणजे ही इतकी वर्षं बाप्तिस्म्याविना प्रभूभोजन घेत होती?"

फादर मटकन खुर्चीत बसले. "तिला काय माहीत! शनिवारी बाप्तिस्मा, सोमवारी लग्न. आणि तोवर त्या कास्परला पाण्याजवळ फिरकू देऊ नका!"

"फादर, तो समुद्रावर जातो," कुणीतरी म्हणालं.

"धर्ममाता कोण?" फादरांनी मला विचारलं. सुसै आजी एव्हाना गळ्यातली मंडळाची निळी फीत काढून घडी करत होती. मघाशी हसलेले बापे आता तिच्याकडे बघतही नव्हते. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"मी? ताडीबाज बाई?"

"तूच," मी म्हटलं. "आणि ती फीत घाल आधी."

शनिवारी अठरा वर्षांची घोडी मी, बाप्तिस्म्याच्या कुंडावर वाकले. आजीचा हात खांद्यावर होता. पाणी थंडगार होतं. ती कानाशी पुटपुटली, "तेव्हा रडलीस म्हणून जगलीस. आता कशाला रडतेस, मेले?"

पण ती स्वतःच हुंदके देत होती. मग मी कशाला मागं राहू?