उघाडीचा हिशेब

अलिबागजवळच्या शेतकी हायस्कुलात शिवदास मास्तर पुस्तकातून शिकवत नसत. खरी अडचण मुलांसमोर ठेवायची आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यायचं, असं ते प्रशिक्षणात शिकून आले होते. एकोणसाठच्या श्रावणात त्यांनी अकरावीच्या वर्गाला त्याच वर्गातल्या सदाच्या बापाच्या, धर्माजीच्या, खाडीकाठच्या खारजमिनीवर नेलं. तिथलं भात पिवळं पडत होतं.

मुलांनी पाणी चाखलं, बांध चालून पाहिला. भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारी लाकडी दारं, म्हणजे उघाड्या, दोन होत्या. त्यांतली एक कुजून खारं पाणी आत येत होतं.

सदा म्हणाला, "ही मातीनं बुजवूया. दुसरी पुरंल. मी हिशेब केलाय."

हिशेब मास्तरांनी पाहिला. शेतात पडणारा पाऊस त्यात होता, डोंगरावरून उतरणारं पाणी नव्हतं. ते त्यांच्या तत्क्षणी ध्यानात आलं. पण सोमवारी वर्गात एक प्रश्न विचारला की पोराला आपणच चूक सापडेल, म्हणून ते गप्प राहिले.

धर्माजीनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर काही बोलत नाहीत म्हणजे बरोबरच असणार, असं समजून त्यानं शनिवारी उघाडी बुजवली.

त्याच रात्रीपासून पाऊस कोसळत राहिला. डोंगरावरून उतरलेलं पाणी एका उघाडीतून निघेना. रविवारी अमावास्या. दुपारच्या उधाणाला आत तुंबलेल्या पाण्यानं भिजलेला बांध सुटला. खिंडार बुजवायला पेंढा घेऊन धावलेला धर्माजी संध्याकाळी खाडीत सापडला.

धर्माजीच्या बाराव्यानंतर मास्तर सदाच्या घरी गेले. सदा ओटीवर बसला होता. दारात त्याची आई चंद्राबाई होती.

"माझाच हिशेब चुकला," सदा म्हणाला.

"चुकला होता. मला दिसलं होतं."

सदानं मान वर केली. "मंग तवाच का न्हाय सांगितलंत?"

"तू शोधशील म्हणून थांबलो."

चंद्राबाई हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, आता जावा तुम्ही."

मास्तरांनी हेडमास्तरांना सारं लिहून दिलं. हेडमास्तरांनी कागद वाचून टेबलाच्या खणात टाकला. बांध जुनाच होता, म्हणाले. त्या खारीत पुढं तीन वर्षं भात झालं नाही. सदा शाळेत परतला नाही. तो मुंबईला गोदीत लागला.

मास्तर दर शनिवारी एकटेच बांधावर माती टाकायला जात. चंद्राबाई पलीकडच्या टोकाला काम करत असे. ती त्यांना जा म्हणाली नाही, आणि तिनं कधी पाणीही विचारलं नाही.