बसून नाई भुलणार!

हिंगणीच्या हेमराजने आपल्या आईला सुखात ठेवलं होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सुख म्हणजे कसं? तर तिला जागचं हलूच द्यायचं नाही! चहा खाटेवर, जेवण खाटेवर, समोर भलामोठा टीव्ही, आंघोळीचं पाणीसुद्धा सुनेने काढून ठेवलेलं. हेमराजचं सेलूला बी-बियाण्याचं दुकान होतं. ते चाललं, तसं त्याने गावात स्लॅबचं घर बांधलं, सभोवती कंपाउंड घातलं, लोखंडी फाटक बसवलं आणि आईला म्हणाला, "माय, लय केलं तू. आता बसून खा." शकुबाईने जन्मभर निंदण केलं होतं, कापूस वेचला होता, नाल्यापलीकडच्या वावरात रोज पायी गेली-आली होती. पोराने एवढ्या मायेने म्हटलं, म्हणून बिचारी बसली.

गावाने तर हेमराजला डोक्यावरच घेतलं. गल्लीच्या तोंडाशी घर असलेले रूपराव काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोट्टा असावा तर असा! मायले काडी उचलू देत नाई." असं कौतुक ऐकलं की कोणाची छाती फुगणार नाही? एखादी सत्तरीची बाई चाऱ्याचा भारा घेऊन जाताना दिसली की तिच्या पोराच्या नावाने लोक नाकं मुरडायचे, आणि हेमराजला वाटायचं, सुटलो बाबा आपण या बोलण्यातून! वाचकहो, खरं सांगा, तुमच्या-माझ्या गावात याहून वेगळं काय आहे? म्हातारं माणूस जितकं कमी हलेल तितका त्याचा मुलगा गुणी!

आणि इकडे शकुबाईचं काय झालं? आधी पाय जड झाले. उठताना भिंत धरावी लागू लागली. मग झोप बिघडली, दिवसभर गुंगी आणि रात्रभर टक्क डोळे. मग नावं निसटू लागली. सून ज्योत्स्नाला ती धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारी. "जेवण झालं का माहं?" हे जेवल्यावर हात पुसतानाच विचारी. घरातले हसले की तीही हसे, पण आतून घाबरे. पुढे पुढे तिने बोलणंच कमी केलं. चुकायला नको आणि हसं व्हायला नको.

एक दिवस ती किराणा दुकानातून हळद आणायला म्हणून निघाली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. आपलं घर कोणत्या बाजूला, हेच आठवेना. तिची जुनी मैत्रीण जयवंता वावरातून परत येत होती, तिने हाताला धरून घरी आणलं. तीही सत्तरीचीच, पण अजून रोज वावरात जाणारी आणि जिभेने भारी तिखट.

"हेमराज, डॉक्टरले दाखव तिले," जयवंता फाटकातूनच ओरडली. "अन् तो टीव्ही आधी बंद कर!"

हेमराज आईला सेलूला डॉ. आकांक्षा उईके यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, बीपी पाहिला, वर्ध्याला पाठवून डोक्याचा फोटो काढून घेतला. शकुबाईशी त्या बराच वेळ बोलत बसल्या. मग हेमराजकडे वळल्या.

"भाऊ, आजी दिवसभर काय करतात?"

"काहीच नाई मॅडम!" हेमराज अभिमानाने म्हणाला. "मी त्याईले काहीच करू देत नाई."

"तेच चुकतंय ना!" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "विसरण्याचा आजार सुरू झालाय त्यांना. थोडी औषधं मी देते. पण तुम्ही त्यांना खाटेला खिळवून ठेवलंय, त्याला औषध कुठून आणू? माणूस चालतो, दमतो, तेव्हा मेंदूला रक्त चांगलं पोचतं. आठवणी धरून ठेवणारा मेंदूचा भाग वयाबरोबर आक्रसत जातो. हालचाल असली तर तो जास्त दिवस तग धरतो. झोप सुधारते, मन उदास राहत नाही. त्यांना रोज चालवा. थोडा दम लागेल, पण बोलता येईल, इतपत भराभर. खुर्चीतून हात न टेकता उठबस करू द्या. भिंतीला धरून एका पायावर उभं राहू द्या. एकटीला पाठवू नका, सोबत कोणीतरी असू द्या."

"अन् मंग बरी होईन का ते?"

"पूर्ण बरी होतील असं खोटं मी सांगणार नाही. पण घसरण हळू होऊ शकते. आहे ते टिकवायचं, भाऊ! बसवून ठेवलं तर तेही जाईल."

शकुबाई सगळं ऐकत होती. परतीच्या रस्त्यावर ती म्हणाली, "हेमराज, मी उद्यापासून जयवंतासंगं चालाले जाईन."

 हेमराजच्या डोक्यात मात्र भलतंच चालू होतं. आई परत चुकली तर? गावाजवळच्या बोरच्या जंगलाच्या अंगाने गेली आणि वाघाच्या पुढ्यात पडली तर? आणि म्हातारपणी मायला रस्त्यावर हिंडवतो म्हणून गाव काय बोलेल? भीती खरी होती, मीही नाकारत नाही. पण त्या भीतीवर त्याने उपाय काय काढला? फाटकाला कुलूप घातलं! किल्ली ज्योत्स्नाकडे दिली आणि बजावलं, "बाहेर जाऊ द्याचं नाई."

शकुबाईचा निरोप मिळाला म्हणून सकाळी जयवंता तिला चालायला न्यायला आली. कुलूप पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय व शकू! तुले कोंडून ठेवलं का ह्यायनं? गाय-बैलालेबी दिवसातून सोडतात, बाप्पा!"

शकुबाई खाटेवरून उठली. भिंत धरून अंगणात आली. कुलुपाकडे पाहिलं, जयवंताकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काय चमकलं कोण जाणे!

"तू बाहेरून चाल," ती म्हणाली. "मी आतून चालीन."

आणि खरंच दोघी चालू लागल्या! कंपाउंडच्या आतून शकुबाई, बाहेरून जयवंता. कोपऱ्यावर आली की शकुबाईला भिंतीचा आधार घ्यावा लागे, धाप लागे, पण थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्योत्स्नाने "आई, पडाल ना" म्हणून हात धरला, तर शकुबाईने तिलाच शेजारी चालायला लावलं. हळूहळू गल्लीतल्या आणखी बाया बाहेर जयवंताच्या मागे लागल्या. आत एक म्हातारी, बाहेर म्हाताऱ्यांची रांग, आणि भिंतीवरून गप्पा! कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, सगळं शकुबाईला कळू लागलं.

मग व्हायचं तेच झालं. रूपराव काका तरातरा आले आणि फाटकाशी उभे राहून ओरडले, "हेमराज! तुह्या मायचं डोकं फिरलं. गावाले तमाशा दाखवून राह्यली!"

हेमराज हातात ब्रश तसाच घेऊन बाहेर धावला. शरमेने त्याचा चेहरा लाल झाला होता.

"माय, बस आता! लोक पाहून राह्यले."

"पाहू दे!" शकुबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली.  "लोकायच्या तारीफीपायी तू मले खाटेवर बसवलं. मी बसली. कोणाले सांगतलं नाई, पण परवा, हेमराज, मले तुह्या बापाचं नाव आठवलं नाई. ज्याच्यासंगं उभा जनम काढला, त्याचं नाव! दुपारभर आठवत बसली. मी घाबरून मेली अन् तुमी टीव्हीचा आवाज वाढवला."

 हेमराजच्या हातून ब्रश गळून पडला.

"डॉक्टरबाईनं सांगतलं ना, पूर्ण बरं व्हाची खात्री नाई. मंजूर हाये मले! उद्या मी तुलेबी भुलीन कदाचित. पण भुलाचंच असन तर चालता चालता भुलीन. बसून नाई भुलणार! काऊन कोंडलं मले? मी चोरी केली का?"

  आईला जपतो जपतो म्हणत आपण तिला दिवसेंदिवस घालवत होतो, हे हेमराजला त्या एका वाक्यात कळलं: दुपारभर आठवत बसली! तो खाली पायरीवर बसला आणि भर गल्लीसमोर रडला. मग उठला, ज्योत्स्नाकडून किल्ली मागून घेतली आणि फाटक उघडलं.

"काका," तो रूपरावांना म्हणाला, "आजपासून माही तारीफ करू नका. लय महागात पडली."

त्या दिवशी तो स्वतः आईसोबत नाल्यापर्यंत गेला. पुढे ज्योत्स्ना, जयवंता, कधी तो, असं कोणी ना कोणी रोज सोबत असे. चुकली तर कोणी घरी आणावं म्हणून मोबाइल नंबरची चिठ्ठी तिच्या चंचीत ठेवली. पाऊसपाणी सरलं, कापूस फुटला, आणि शकुबाई वावरात जाऊन जमेल तेवढा वेचू लागली. सगळं काही परत आलं का? नाही आलं. ज्योत्स्नाला ती अजूनही कधीमधी भलत्याच नावाने हाक मारते. पण घरचा रस्ता तिला सापडतो, रात्री झोप लागते, भिंत न धरता ती उठते. नवऱ्याचं नाव विचाराल तर लाजून सांगते, "किसनराव!"

एका सकाळी जयवंतासोबत चालता चालता ती रूपरावांच्या दाराशी थांबली. त्यांची बायको, अंजना, मागच्या खोलीत पडून असे. तिला गल्लीने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"वहिनीले पाठवा चालाले," शकुबाई म्हणाली.

"तिले काय समजते आता?" रूपराव वैतागले. "पडून राहू द्या बिचारीले."

"माह्याबद्दलबी हेच म्हणे तुमी!" शकुबाई सरळ आत शिरली. "मी विचारून नाई राह्यली भाऊ, सांगून राह्यली!"

 थोड्या वेळाने अंजनाबाई शकुबाईच्या आणि जयवंताच्या खांद्यांवर हात टाकून उंबऱ्यात आल्या. उन्हाने डोळे मिचकावले, चपलेत पाय सरकवला आणि नवऱ्याकडे वळूनही न पाहता पहिलं पाऊल बाहेर टाकलं.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या घरात डोकावून पाहा. "बसून खा" हे बोलणं ऐकायला गोड आहे, पण ते ऐकत ऐकत माणूस विझतो. आईवडलांची सेवा करायची असेल तर त्यांना रोज हात धरून उठवा, त्यांच्यासोबत चाला, त्यांना घाम येऊ द्या. आणि तुम्ही स्वतः म्हातारे असाल आणि घरचे बसवत असतील, तर कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. एखाद्या जयवंताला हाक मारा आणि उठा!