गेथिनची खुंटी

"बाहेरच्या कंपनीचं गोदाम गावात आणायचं, त्याला जमीन फुकट द्यायची, आणि आपली लोकरगिरणी देवाच्या भरवशावर! छान न्याय आहे हो!" चॅपेलमागच्या खोलीत भरलेल्या गावसभेत हेवीन तावातावाने बोलत होता. गिरणी त्याचीच, त्यामुळे अर्धं गाव गालात हसत होतं.

एलिनेद सभेत कधी तोंड उघडत नसे. गिरणीत ब्लँकेटांचे सुटलेले धागे बोटांनी चाचपून भरण्यात तिचा जन्म गेला होता. त्या संध्याकाळी मात्र ती उठली.

"आपल्या खोऱ्यात नवरीला ब्लँकेट देतो, ते कुठलं? या गिरणीचंच ना? मग आपल्या हॉस्पिटलला पांघरुणं बाहेरची कशाला? आधी ती इथून घ्या. आणि गावाला आलेलं सरकारी अनुदान गोदामाला देण्यापेक्षा हेवीनचे बंद पडलेले माग सुरू करा. माग चालले तर माणसं राहतील."

"माणसं म्हणजे तुझा गेथिन ना गं?" मागून मेगनने टोमणा मारला.

"हो, माझा गेथिन. त्यात लाजायचं काय?"

तिचा मुलगा माग दुरुस्त करायचा. माग थांबले आणि तो कॅनडाला गेला. तेव्हापासून गिरणीतल्या त्याच्या खुंटीवर ती स्वतःचा स्कार्फ अडकवत आली होती, दुसऱ्या कुणी तिथे कोट टांगू नये म्हणून. गिरणीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे.

गावाने तिचं ऐकलं. हॉस्पिटलची मागणी आली, माग पुन्हा खडखडू लागले. हेवीनने दुरुस्तीचं काम गेथिनसाठी राखून ठेवलं. तिने लगेच फोन लावला.

"ये आता. तुझी जागा तुझी वाट बघतेय."

"आई, पोरं इथल्या शाळेत रुळलीत गं. उन्हाळ्यात येऊ की आम्ही. एक ब्लँकेट तेवढं पाठव, थोरलीला थंडी फार वाजते."

"पाठवते हो."

फोन ठेवल्यावर तिला रडू आवरेना. गाव सावरलं, पण ज्याच्यासाठी ती सभेत उठली तो काही येणार नव्हता.

सोमवारी दुरुस्तीच्या त्या कामावर लौरी आली. शेजारच्या खोऱ्यातली, नवरा-मुलांसकट इथेच राहायला आलेली. ओला कोट हातात धरून ती दारापाशी घुटमळली.

"मावशी, कोट कुठे टांगू? सगळ्या खुंट्या भरल्यात."

एलिनेदने आपला स्कार्फ काढला.

"इथे टांग. ही रिकामीच आहे."

मग स्कार्फ मांडीवर ठेवून ती नातीच्या ब्लँकेटमधला सुटलेला धागा शोधू लागली.