तीन मीटर शिल्लक

आई गणवेशांच्या कारखान्यात कटर आहे. एकवीस वर्षं तेच कापड, तीच कात्री. कटिंग विभागाची मुख्य व्हायचं तर तिथली लेखी परीक्षा द्यावी लागते: दहा गणितं, सात बरोबर हवीत. आई दोनदा सहावर अडकली होती. तिसरी संधी शेवटची. मी शाळेत गणित शिकवते, म्हणजे नाचक्की माझीही होती.

दोन्ही वेळा घात केला तो समचलनाने. शर्ट दुप्पट तर कापड दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. माझ्या वर्गातल्या पोरांना हे झोपेतही जमतं.

"आठ शर्टांना अठरा मीटर कापड लागतं," मी वाचलं. "वीस शर्टांना किती?"

"बेचाळीस."

"अगं, अठरा भागिले आठ, सव्वादोन. हा स्थिरांक, तो बदलत नाही. आता सव्वादोन गुणिले वीस?"

"पंचेचाळीस. पण एवढं लागतच नाही. वीस एकत्र मांडले की कॉलर नि खिसे मधल्या फटींत बसतात. कुठला शहाणा पंचेचाळीस घेईल?"

"गणितातला."

"मग त्याला कात्रीला हात लावू देऊ नकोस."

पंधरा दिवस हेच चाललं. माझ्या नाकी नऊ आले. तिचं चुकत नाहीये हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि राग त्याचाच जास्त येत होता. शेवटी मी हात जोडले. "आई, तिथे कापड नाहीये, नुसते आकडे आहेत. पंचेचाळीस लिही आणि घरी ये."

परीक्षेहून आली ती थेट चहा टाकायला गेली. मी मागोमाग.

"आलं होतं?"

"तेच आलं. लिहिलं पंचेचाळीस."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि खाली लिहिलं, यातलं तीन मीटर उरेल, ते गोदामात परत करावं."

मी कपाळावर हात मारला. पुढचे चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

शुक्रवारी पेपर हातात आला. सात बरोबर. पंचेचाळीसला बरोबरची खूण होती. खालच्या ओळीखाली व्यवस्थापकांनी लाल शाईने रेघ ओढून विचारलं होतं, 'कसं?'

मला भरून आलं. मी पटकन कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "मांडून दे त्यांना."

आईने तो बाजूला केला. "कागदावर काय मांडू? सोमवारी माझ्या टेबलापाशी बोलावते. येताना पंचेचाळीस मीटर घेऊन या म्हणते. जाताना तीन घेऊन जातील."