बंद गाडीची पट्टी

तेल मोजायच्या पट्टीच्या टोकाचं पिवळं कडं व्हिन्सेंटच्या बोटात अडकलेलं होतं, आणि खाली तेलाचा एक थेंब ओघळत, थांबत, पुन्हा ओघळत पट्टीवरून उतरत होता — लिडियानं पांढरं फडकं त्याच्याखाली धरलं, दर रविवारी धरते तसंच, आणि तेव्हा तिला जाणवलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. शेजारच्या वाडीत पाण्याचा पंप चालू होता, केळीत कावळा ओरडत होता, आत लेक मर्लिन भांडी लावत होती... पण गाडी गप्प होती. नवऱ्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं होतं, आणि मग पट्टी ओढली होती.

बंद करून.

चुकून झालं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. वालीवच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांचे गिअरबॉक्स उघडून बसवणारा माणूस हा; गुडघा गेला, डाव्या पायाला क्लच सोसेना, म्हणून ही जुनी, छोटी, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली, तेव्हापासूनचा त्याचा नेम — रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलं की गाडी गरम आहे तोवर, ओट्यापुढच्या सपाट फरशीवर, इंजिन चालू ठेवून गिअरचं तेल बघायचं. पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. फडकं पांढरंच हवं, उशीच्या जुन्या अभ्र्याचं, कारण तेलाचा खरा रंग पांढऱ्यावरच कळतो. "लिडू, इंजिनाचं तेल बंद गाडीत बघतात, पण हे चालूच गाडीत. बंद गाडीची पट्टी खोटं बोलते. तेल सगळं खाली येऊन बसतं आणि भरल्यासारखं दिसतं." त्यानंच शिकवलेलं हे. मला काय करायचंय तुमच्या तेलाचं, असं म्हणत म्हणतच मी शिकले, जशी त्याच्या आईकडून मासळी खारवायला शिकले — नको नको म्हणत, हाताला सवय लागेपर्यंत...

"बघ," तो म्हणाला. "वरच्या खुणेला टेकलंय. थेंबभर कमी नाही."

"अहो पपा, गाडी बंद आहे."

"मग? चालू गाडीत हात घालून बोटं तोडून घेऊ काय?"

तो हसला. नेहमीचंच हसणं, डाव्या गालात जरा जास्त. त्या हसण्यात काही शोधू नये असं तिला वाटलं, आणि वाटेपर्यंत शोधून झालंही होतं. थेंब फडक्यावर पडला. पसरला. कडेला तपकिरी, मध्ये काळा — आणि वास आला. नाताळच्या केकसाठी साखर जाळताना क्षणभर नजर हटली की येतो तसा; साखर गोडाची कडू होते तो क्षण नाकाला आधी कळतो, डोळ्यांना नंतर, आणि मग वर कितीही पाणी ओता, ती मागे फिरत नाही. हे तेल लाल असायचं. अभ्र्यावर इतकं सुंदर लाल उमटायचं की एकदा बेलानं, नातीनं, विचारलं होतं, गाडीला लागलं का गं?

"लाल," व्हिन्सेंट म्हणाला. "एकदम फस्ट क्लास."

ती फडक्याकडे बघत राहिली. उन्हात. स्वच्छ, दुपारच्या उन्हात, जिथं रंगाबद्दल वाद होऊ शकत नाही.

बेलानंच सांगितलं होतं, चार दिवसांपूर्वी, वेणी घालून घेताना, गंमत म्हणून. "नानी, आपली गाडी पुलावर ओरडली, खूप ओरडली, पण पुढं गेलीच नाही! मग एकदम धक्का दिला. मागचे काका शिव्या देत होते. नाना म्हणाले, मम्मीला सांगू नको हं." पुलावर. चढावर. मागं बस, बाजूला टँकर, आणि माझी चिमणी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन... लिडियानं तेव्हा वेणी इतकी घट्ट ओढली होती की पोर कळवळली. मर्लिनला सांगायला हवं होतं. पण मर्लिन पहाटे कामाला जाते, तिला एकच भरवसा आहे, पपा सोडतात शाळेत. आणि पपांना सकाळी उठायला एकच कारण आहे, बेलाला सोडायचंय. एक सांगितलं की दुसरं मोडतं... लग्नात नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला निघाल्या की बायका गायच्या, वाजंत्र्यांच्याही वर आवाज चढवून,

विहिरीचं पाणी, वरून निळं गं निळं
तळाला कोण जागं, कोणाला ना कळं

— तेव्हा ती नवरी होती, डोक्यावर पदर धरून हसत होती. त्या ओळीतला गारवा अंगाला लागायला एवढं आयुष्य जावं लागलं.

"झालं का गाडीचं?" खिडकीतून मर्लिन. "उद्या बेलाची परीक्षा आहे हां, उशीर नको. मम्मी, बघितली ना गाडी?"

"बघितली," लिडिया म्हणाली. खोटं नव्हतं ते. आणि मग, ठरवलं नसताना, "उद्या मी पण जाईन बरोबर."

"तू? शाळेत?" व्हिन्सेंटनं पट्टी आत सरकवली. "कितवीत बसवू तुला?"

आत मर्लिन खळखळून हसली. लिडियानंही हसायला हवं होतं.

"मागं बसेन. बेलाजवळ," ती म्हणाली, "आणि गाडी पुलावर नाही न्यायची पपा. अलीकडे फाटकाशी ठेवून रिक्षा करू." एकेक शब्द हळू ठेवत, मऊ, सपाट — आणि तो आवाज तिनं ओळखला. सासऱ्यांच्या शेवटच्या वर्षी, त्यांना घरचीच माणसं ओळखू येईनाशी झाल्यावर, त्यांच्या हातातला कोयता काढून घेताना ती याच आवाजात बोलायची. द्या बाबा, मी धरते. तेव्हा दारात व्हिन्सेंट उभा असायचा. ऐकत.

त्याचं हसू थांबलं. तो तिच्याकडे बघू लागला, रागानं नाही; परक्या घरात शिरल्यावर माणूस भिंतींकडे बघतो तसं. "रिक्षा कशाला," तो म्हणाला. "तेल तर लाल आहे."

तिनं फडकं मुठीत गच्च मिटलं. दोनच गोष्टी होत्या. त्याला काळं दिसलं होतं आणि तो लपवत होता, म्हणजे हातातून गाडी जाऊ नये म्हणून बेलाला चढावावर नेणारा लबाड नवरा होता तो. किंवा त्याला खरोखर लालच दिसलं होतं, म्हणजे बाबांसारखंच सुरू झालं होतं. खोटं बोलत असू दे, देवा... जन्मभर ज्याचा एक शब्द तिनं तपासला नव्हता, तो खोटारडा निघावा म्हणून ती भर उन्हात आतल्या आत हात जोडत होती, आणि त्याच्या डोळ्यांत ते खोटं धुंडत होती, एकदा उजव्या, एकदा डाव्या — आणि तो, पापणी न हलवता, तिला सगळं बघू देत होता.