अंबिकाबाईंनी मला इंजिनातून सोडवलं

मित्रांनो, रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी तुम्ही रोज पाहता, पण मला तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलं असेल. मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातली साखळी आहे. गॅरेजवाले मला टायमिंग चेन म्हणतात. माझा सारा जन्म एका लोखंडी झाकणामागे, तेलात भिजत, अंधारात गेला.

माझं काम तसं सोपं, पण त्यात चूक चालत नाही. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याच्यामुळे पिस्टन वर-खाली होतात. वर दुसरे दांडे असतात, ते छोट्या झडपा उघडतात आणि मिटतात. पिस्टन वर येईल तेव्हा झडप बाजूला झालेली हवी. मी या वरच्या आणि खालच्या दांड्यांना एका तालात बांधून ठेवते. मी एकदोन दात जरी घसरले, तरी पिस्टन झडपेवर आदळू शकतो, झडप वाकते आणि गाडी जागीच बसते.

एका मोठ्या कारखान्यात पोलादी पट्ट्या आणि बारीक पिना जोडून मला घडवलं. माझ्या काही कड्यांना वेगळा रंग दिला, म्हणजे बसवणाऱ्याला खुणा जुळवता याव्यात. सोबतीला दोन गाईड मिळाले, म्हणजे मी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लांब प्लॅस्टिकच्या पट्ट्या. शिवाय एक टेन्शनर मिळाला. तो तेलाच्या जोरावर गाईडला मागून रेटतो आणि मला सैल पडू देत नाही.

आमची गाडी लातूरला रुद्रेशअप्पांकडे गेली. त्यांची डाळ मिल होती. मिलवरून आडतीला, आडतीवरून घरी, असा आमचा दिवस जायचा. अप्पा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "गाडी न्हाई ही, घड्याळ हाय." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. पण पुढे त्यांनी नवी मोठी गाडी घेतली आणि आम्ही मिलच्या मागे लिंबाखाली उभे राहिलो. कुणाला नड पडली की गाडी काढायचे, पिटाळायचे आणि परत आणून लावायचे. तेल बदलायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ते काळं आणि डांबरासारखं घट्ट झालं. माझ्या पिना झिजल्या, मी लांबले. गाईडवर माझ्याच कड्यांचे चर पडले.

मग सिंधू सिस्टरनी ती गाडी घेतली. त्या नायगाव तालुक्यातल्या खेड्यांत लस द्यायला जात. मागच्या सीटवर लशीचा थंड डबा असायचा आणि कधी एखादी अवघडलेली बाईही. नायगावात भीमाशंकर मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "सिस्टर, साखळी थकली हाय. तेल येळेवर बदला, अजून काही साल निघतील. पण कधीतरी हिला काढावंच लागंल."

सिस्टरनी त्यांचं ऐकलं. म्हणून तर मी इतकी वर्षं टिकले. पण एका हिवाळ्यात मिस्त्रींनाच लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात निकामी झाला. गॅरेजचं शटर अर्धंच उघडू लागलं. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई पंक्चर काढायच्या, तेल बदलायच्या. इंजिनाचं काम आलं की मिस्त्री गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवून द्यायचे.

इकडे माझा खडखडाट वाढत गेला. आधी तो सकाळी गाडी सुरू करताना थोडा वेळ व्हायचा आणि थांबायचा. आता थांबेनासा झाला. एके सकाळी सिस्टर गाडी हळूहळू चालवत गॅरेजसमोर घेऊन आल्या.

मिस्त्री बाहेर बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "नांदेडला न्या सिस्टर. माझ्यानं होत न्हाई आता."

"ठेवा गाडी," शटरमधून अंबिकाबाई म्हणाल्या. "मी खोलते."

मिस्त्रींनी मान वळवली. "हे पंक्चर न्हाई अंबिके. एक दात हुकला तर समदे व्हॉल्व वाकतील. आपलं नाव जाईल."

"शटर पाडल्यावर नाव कुठं ऱ्हाणार हाय?" अंबिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या हातात पाने देऊ देऊ माझी निम्मी जिंदगी गेली. कोणता नट कुठला, हे मला तोंडपाठ हाय."

मिस्त्री बाजेवर पाठ करून बसले. सिस्टरनी किल्ली अंबिकाबाईंच्या हातात दिली.

अंबिकाबाईंनी कपाळाला लावतात तशी विभूतीची बोटं पान्यांच्या पेटीलाही लावली आणि पदर खोचला. बॅटरीची वायर सुटली. जुनं तेल टबात उतरलं. पुढचं चाक निघालं, पट्टा निघाला. पण खालच्या दांड्याच्या टोकावरचा मोठा बोल्ट काही केल्या हलेना. त्या पान्याला लांब पाइप लावून जोर देत होत्या, तर बोल्टबरोबर दांडाच फिरत होता. त्यांचे तळहात लाल झाले. तरी त्या पुन्हा पुन्हा पाइपाला लोंबकळत होत्या.

बऱ्याच वेळानं बाजेवरून आवाज आला. मिस्त्रींनी तोंड मात्र फिरवलं नव्हतं. "गाडी गिअरमधी टाक. अन् सिस्टरला बरेक दाबून बसू दे."

सिस्टर आत बसल्या आणि ब्रेक दाबून धरला. अंबिकाबाईंनी सगळं अंग पाइपावर टाकलं आणि कड् करून बोल्ट सुटला. तेव्हा मिस्त्री उठले, स्टूल ओढत गाडीपाशी आले आणि बसले.

मग झाकण निघालं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. मिस्त्रींनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. "आधी खुणा जुळव. जुळल्याबिगर साखळीला हात लावू नको." अंबिकाबाईंनी इंजिन पान्यानं सावकाश फिरवलं आणि वरच्या व खालच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जागेवर आणल्या. टेन्शनरचा दट्ट्या अंगठ्यानं आत रेटला आणि तो परत बाहेर येऊ नये म्हणून बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्याच्या भोकात खोवली. मिस्त्री ते बघून पहिल्यांदा किंचित हसले. मग टेन्शनर निघाला, पुढचा गाईड निघाला, मागचा निघाला. शेवटी अंबिकाबाईंनी मला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि टेबलावर, मिस्त्रींनी पूर्वीच आणून ठेवलेल्या नव्या संचातल्या साखळीशेजारी ठेवलं. मी तिच्यापेक्षा चांगलीच लांब भरत होते.

पण अंबिकाबाईंचं लक्ष एका गाईडकडे होतं. त्याचा खालचा कोपरा तुटलेला होता.

"याचा तुकडा कुठाय?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री दमले होते. "गेला असंल जुन्या तेलासंगं. नवं बसव अन् बंद कर."

अंबिकाबाईंनी टबातलं सगळं तेल फडक्यातून गाळलं. काही निघालं नाही. "तेलात न्हाई. म्हंजे आतच हाय."

"तेलाचं चेंबर खोलायचं म्हंजे खालचं समदं काढावं लागंल. सिस्टरला उद्या गाडी पायजे."

अंबिकाबाई काळे हात पुसत सिस्टरसमोर उभ्या राहिल्या. "सिस्टर, उद्या गाडी मिळणार न्हाई. तो तुकडा सापडल्याबिगर मी इंजिन बंद करणार न्हाई. तुमी बाया घेऊन जाता हिच्यात."

सिस्टरनी लशीचा डबा खांद्याला लावला. "मी एसटीनं जाते उद्या. तुमी घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी अंबिकाबाई गाडीखाली आडव्या झाल्या आणि चेंबर उतरवलं. तेलाच्या पंपाच्या जाळीत तो तुकडा अडकला होता. त्याच्याभोवती काळा गाळ साचून निम्मी जाळी बुजली होती. तसंच बंद केलं असतं, तर एखाद्या आडरानात तेल वर चढलं नसतं आणि इंजिन जाम झालं असतं. अंबिकाबाईंनी तो तुकडा मिस्त्रींच्या डाव्या तळहातावर ठेवला. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले.

"मी बंद कर म्हणलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"दमला होता तुमी," अंबिकाबाई म्हणाल्या आणि जाळी धुवायला लागल्या.

पुढे नवी साखळी, नवे गाईड आणि नवा टेन्शनर बसला. रंगीत कड्या खुणांवर आल्या, मग पिन निघाली. किल्ली लावण्याआधी अंबिकाबाईंनी इंजिन हातानं फिरवून पाहिलं. कुठं अडतं का, याचा त्या पान्यातून अंदाज घेत होत्या. कुठंच अडलं नाही. खुणाही पुन्हा जुळल्या.

झाकण आणि चेंबर परत बसवताना सांध्यांना लावलेली पेस्ट वाळल्यावर तेल भरलं आणि सिस्टरनी गाडी सुरू केली. मिस्त्रींनी इंजिनावर डावा हात ठेवला आणि डोळे मिटले. खडखडाट नव्हता. माझ्या जागी दुसरीच कुणी इतकी निवांत फिरत होती. मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. सिस्टर त्याच दुपारी लशीचा डबा घेऊन निघाल्या, तेव्हा माझं काम चांगल्या हातांत गेलं एवढंच मनात आलं.

नंतर एकदा आनंदराज नावाचे गृहस्थ जीप घेऊन आले. बाजेजवळ थांबून म्हणाले, "मिस्त्री, इंजिन आवाज करून राहिलंय. बघता का जरा?"

भीमाशंकर मिस्त्रींनी पूर्ण उघडलेल्या शटरकडे हात केला. "मिस्त्री आत हाय. तिला दाखवा."

मी आता त्या आतल्या टेबलावर पडून असते. अंबिकाबाई गिऱ्हाइकांना मला हातात घेऊन दाखवतात, कशी झिजले, किती लांबले ते. तुमच्या घरी गाडी असेल, शिलाई मशीन असेल, पाण्याची मोटर असेल, तर मोठ्यांना आठवणीनं विचारा, हिला तेलपाणी कधी केलं होतं? आणि एखादं यंत्र कुरकुरू लागलं तर त्याला लाथ मारू नका. जवळ जा आणि कान लावा. आम्ही एकाएकी तुटत नाही, मित्रांनो. त्याआधी पुष्कळ दिवस आम्ही तुम्हाला हाका मारत असतो.