डोळा मिटलेलं घुबड

मामाच्या चावीच्या घड्याळांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे. त्यांच्या तबकड्यांवर हाताने कोरलेली चित्रं असतात, म्हणून मामा स्वतःसुद्धा ती कधी मनगटावर बांधत नाही. कपाटातल्या दिव्याखाली ठेवतो आणि भिंगातून बघतो.

नव्या घड्याळावर घुबड होतं. मला तर ते बघताक्षणी आवडलं.

"एक डोळा गेलाय याचा, काळपट दिसतोय बघ," मामा कुरकुरला. "उद्याच परत पाठवतो."

"मामा, ज्याने पीस न् पीस कोरलं, तो डोळा विसरेल?"

"तू मला शिकव आता!"

मी भिंग लावलं. एका डोळ्यातल्या रेषा उभ्या होत्या, त्या काळपट डोळ्यातल्या आडव्या. असं का बरं? मला राहवेना. मामा खोका आणायला वळला आणि मी घड्याळ मनगटावर चढवलं.

"अगं दिवटे, काढ ते!"

मी दचकून हात मागे घेतला. तेवढ्यात दिव्याचा उजेड तबकडीवर तिरका पडला; काळपट डोळा लख्खकन उघडला आणि दुसरा काळवंडून मिटला.

"मामा, हे डोळा मारतंय!"

मामाने माझं मनगट धरून पुन्हा पुन्हा फिरवलं. मग स्वतःची बाही वर सारली.

"काढ, दे इकडे," तो म्हणाला. "आणि तो खोका माळ्यावर टाक."